बजेटातली कुऱ्हाड

लाकूडतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता आधी सोन्याची काढून दाखवते, मग चांदीची, आणि हा भला माणूस दोन्हींना नको म्हणून आपली लोखंडाचीच मागून घेतो. गुरुजींनी यातून आम्हाला प्रामाणिकपणा शिकवला. मला मात्र हल्ली वाटायला लागलंय, की तो प्रामाणिक असेल-नसेल, गिऱ्हाईक म्हणून पक्का होता. सोनं मऊ. सोन्याच्या कुऱ्हाडीचा पहिला घाव बाभळीवर बसला तर बाभळीला काही होणार नाही, कुऱ्हाडीचं तोंड वळेल. चांदीची गत याहून फार बरी नाही. त्याला उद्या सकाळी जळण फोडायचं होतं. शिवाय जुन्या कुऱ्हाडीचा दांडा हाताला बसलेला. नवा दांडा हाताला बसेपर्यंत तळहाताला किती फोड येतात, हे पाण्यात राहणाऱ्या देवतेला कुठून माहीत असणार? शेवटी तिनं तिन्ही दिल्या. दोन त्यानं सोनाराकडं नेल्या असतील. तिसरीला मात्र दुसऱ्याच दिवशी धार लावली असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

हे सगळं सुचायला निमित्त झालं भाच्याचं. तो हिंजवडीत नोकरीला असतो. शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की पोरंपोरं मिळून पवना धरणाच्या काठी, नाहीतर भंडारदऱ्याला तंबू ठोकून राहतात. एक दिवस फोन आला, "मामा, कॅम्पिंगला न्यायला एक बजेटमधली कुऱ्हाड बघतोय. तुम्हाला त्यातलं कळतं ना?"

वडगाव निंबाळकरात राहतो म्हणजे ह्याला कुऱ्हाडीतलं कळत असणारच, असा शहरातल्या नातेवाइकांचा समज असतो. त्याच हिशेबानं पाऊस कधी पडणार, गावरान तूप कुठं मिळेल आणि फोटोतला साप विषारी की बिनविषारी, हेही मला फोनवर विचारलं जातं. वस्तुस्थिती अशी, की आमचं गाव नीरा डाव्या कालव्याखालचं. कालवा 1885 चा, म्हणजे चार-पाच पिढ्या बागायतीत मुरल्या. चारी दिशांना ऊस, आणि उसाला लागतो कोयता. कुऱ्हाडीच्या वाट्याला आता बांधावरची वेडी बाभूळ, वादळात पडलेली एखादी फांदी आणि न्हाणीतला बंब एवढंच उरलंय. त्यातही निम्म्या घरांच्या माळवदांवर सूर्यबंब आले आहेत.

पण भाच्याला असं सांगून मामाची किंमत कोण कमी करून घेणार?

खरं तर गावात कुऱ्हाड निवडण्याचा प्रसंग माणसावर क्वचितच येतो. ती घरात असतेच, दारामागं नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात, कुणी घेतली आणि कधी घेतली हे कुणालाच आठवत नसतं. घरात नसली तर शेजारी असते. शेजाऱ्याची कुऱ्हाड हा बजेटचा सगळ्यात खालचा टप्पा. परत देताना धार लावून द्यायची असा एक अलिखित नियम आहे, आणि तो कुणी पाळल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही.

भाच्यानं मात्र संगणकावर रीतसर तक्ता केला होता. पात्याचं वजन, दांड्याची लांबी, पोलादाची जात, वॉरंटी. कुऱ्हाडीची वॉरंटी! सगळ्यात वर स्वीडनची एक कुऱ्हाड होती, ग्रान्सफोर्स ब्रुक नावाच्या कारखान्याची. 1902 पासूनचा कारखाना. तिथं जो लोहार पातं घडवतो तो त्यावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ठोकतो. किंमत पाच आकडी. तिच्या खाली फिनलंडची फिस्कार्स. ह्या कंपनीची पहिली भट्टी 1649 सालची, म्हणजे तिकडं भाता फुंकला जात होता तेव्हा इकडं शिवराय एकोणीस वर्षांचे होते. तिच्या कुऱ्हाडीचा दांडा लाकडाचा नसून काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचा आहे, आणि पातं त्यात कायमचं बसवलेलं. दांडा सहजासहजी मोडत नाही म्हणतात. नसेल मोडत. पण मोडलाच तर दुसरा घालायची सोय नाही, अख्खी कुऱ्हाड भंगारात. माझ्या पिढीच्या माणसाला ही कल्पना सोसवत नाही. दांडा मोडणं हे कुऱ्हाडीचं मरण कसं असेल?

तक्त्याच्या तळाशी, लाल अक्षरांत, खरोखरच्या बजेटातल्या कुऱ्हाडी होत्या. सगळ्या काळ्या रंगाच्या आणि रागीट चेहऱ्याच्या. त्यातल्या एकीच्या पाठीला हातोडी होती, पोटात बाटली उघडायची खाच होती आणि दांड्याच्या टोकात चक्क होकायंत्र. रानात वाट चुकलात तर कुऱ्हाडीला विचारायचं. एवढ्या पोलादाच्या शेजारी बसलेली ती सुई उत्तर दाखवणार की कुऱ्हाडीचंच तोंड, याबद्दल तक्त्यात रकाना नव्हता.

"तोडायचंय काय?" मी विचारलं.

"लाकूड."

"कुठलं?"

"मामा, लाकूड म्हणजे... लाकूडच की."

इथं मामाला जरा सावरून बसता आलं. आधी कायदा सांगितला. महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाचा कायदा 1964 पासून आहे, आणि स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी ठरावीक जातींना हात लावायचा तर परवानगी काढावी लागते. वनखात्याच्या हद्दीत तर वाळकी काटकीही सरकारची. आमच्याच तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी 1997 साली राखलेलं. तिथं कुऱ्हाड खांद्यावर टाकून शिरलास तर तंबूऐवजी दुसरीकडं मुक्काम पडेल. हिवरे बाजारसारख्या आदर्श गावांनी तर कुऱ्हाडबंदी हा गावाचा नियमच केला, नशाबंदी आणि चराईबंदीच्या जोडीला. त्यामुळं उभं झाड तोडायचा विचार असेल तर तो सोड.

"नाही हो मामा. तिथं तंबूवाला मोळी देतो जळणाची. पैसे घेऊन."

"मग झालं. तुला तोडायची नको, फोडायची कुऱ्हाड पाहिजे."

हा फरक त्याच्या तक्त्यात नव्हता, आणि सगळा घोळ तिथंच होतो. तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं रुंद आणि पातळ. ती तंतूंच्या आडवी जाते, ते कापते, घावागणिक ढलपी उडवते. फोडायच्या कुऱ्हाडीचं तोंड अरुंद आणि गाल जाड. तिनं कापायचं नसतंच. तंतूंच्या मधे शिरायचं आणि त्यांना दोन्हीकडं रेटायचं. पातळ कुऱ्हाडीनं ओंडका फोडायला गेलं की ती रुतून बसते. मग ओंडक्यासकट उचलून आपटावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून सल्ला देतो.

दुसरा गैरसमज आकाराचा. लहान ती सुरक्षित आणि मोठी ती धोक्याची, असं शहरात धरून चालतात. उलट आहे. अडीच-तीन फुटी दांड्याची कुऱ्हाड नेम चुकून पुढं गेली तर समोरच्या मातीत रुतते. फूटभर दांड्याची चुकली तर तिचा फेरा आपल्याच नडगीवर येऊन संपतो. म्हणून आखूड कुऱ्हाड वापरायची तर गुडघे टेकून, लाकडाखाली दुसरं जाड लाकूड घेऊन. पाठीवरच्या पिशवीत मावणारी कुऱ्हाड हवी हे मला मान्य. पण मग ती माणसाला गुडघ्यावर आणते, हेही मान्य करायला हवं.

लाकडाचं म्हणाल तर त्यातले जाणकार आमच्या गल्लीतले तात्या. ऐंशी ओलांडलेले, आणि अजून घरच्या बंबापुरतं स्वतः फोडतात. वखारीत तयार बंबफोड मिळते, पण ती फोडणाऱ्याला लाकडाची दया येत नाही, असं त्यांचं मत. ओंडका पुढ्यात आला की तात्या आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतात. कुऱ्हाड तोवर भिंतीला टेकलेली. वाळताना लाकडाला कुठं तडा गेलाय ते बघतात, गाठ कुठल्या अंगाला आहे ते बोटानं चाचपतात, मग गाठ खाली येईल असा ओंडका उलटा उभा करतात. पहिला घाव मधोमध कधीच नाही. काठाशी, तड्याच्या रेघेवर. घाव म्हणजे तरी काय, कुऱ्हाड वर जाते आणि आपल्या वजनानं खाली येते, तात्या फक्त तिच्याबरोबर असतात. ठप्प असा आवाज येतो आणि लाकडाचे दोन भाग शहाण्यासारखे दोन बाजूंना होतात.

"सुबाभूळ पोरगं बी फोडंल," तात्या सांगतात. "निलगिरीला पीळ असतो, ती सरळ चिरत न्हाय. बाभूळ वली असतानाच फोडून ठिवायची, वाळली की लोखांड हुती. आन् चिंचंच्या नादी लागायचं न्हाय." चिंचेचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात, की खाटीक आपल्या दुकानात मांस तोडायला तिचाच ओंडका ठेवतो. रोज शेकडो घाव खाऊन जो दुभंगत नाही, त्याच्याशी आपण रविवारी सकाळी काय भांडणार?

भाच्याला मी असंही सुचवून पाहिलं, की शेकोटीला कुऱ्हाड लागतेच असं नाही. आमच्या तालुक्याच्या वरच्या अंगाला, मोरगाव-सुप्याकडं, जिरायत पट्टा आहे. थंडीत तिकडं हुरड्याच्या आगट्या पेटतात. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या, निखारा धरला की कणसं त्यात खुपसायची आणि गरम गरम हातावर चोळायची. लाकूड फोडावं लागत नाही. बसायला पोतं, तोंडी लावायला लसणाची चटणी आणि गूळ. बारामतीच्या पांडुरंग तावऱ्यांनी 2005 च्या सुमारास कृषी पर्यटन म्हणून हा सगळा मामला शहरातल्या लोकांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा गावातले लोक हसले होते, की शेतात बसून खायचे पैसे कोण देईल. आता हसत नाहीत. पण भाच्याला गोवरी चालेना. त्याच्या मनातल्या चित्रात ओंडका होता, ज्वाळा होत्या आणि कुऱ्हाड ओंडक्यात तिरकी रोवलेली होती. चित्र मी समजू शकतो. फोटो गोवरीचा येत नाही.

मला उगीच आमच्या कारखान्याकडचं आठवलं. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, नगरकडून ऊसतोड टोळ्या सोमेश्वरनगरच्या आसपास उतरतात. बांबू, चटया, उसाचं पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि चार-पाच महिने कुटुंबं त्यात राहतात. पहाटे चूल, उघड्यावर आंघोळ, डोक्यावर तारे. हत्यार एकच, कोयता. त्यांना कुणी विचारलं, की पैसे देऊन दोन रात्री असं राहायला आवडेल का, तर ते काय म्हणतील याचा अंदाज आहे. पण ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही. पोरगं आठवडाभर पडद्यासमोर बसून कंटाळलेलं असतं, त्याच्या दोन रात्रींवर पाणी ओतण्यात काय हशील?

तर कुऱ्हाड. बारामतीत हार्डवेअरच्या दुकानांत कारखान्यात तयार झालेली पाती मिळतात, निळ्या नाहीतर लाल रंगात बुडवलेली, दोऱ्यात ओवून टांगलेली. वाईट नसतात. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही, एवढीच अडचण. दुकानदाराला विचारलं, तर "चालतंय, सगळे हेच नेतात" यापलीकडं माहिती मिळत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, तो खिळेही विकतो, रंगही विकतो. तिथं घ्यायचीच तर तात्यांची परीक्षा घेऊन घ्यावी. पातं दोऱ्यानं लोंबतं धरायचं आणि खिळ्यानं टिचकी मारायची. 'टण्ण' वाजून आवाज लांबला तर अंगात तडा नाही. 'बद्द' वाजलं तर परत टांगायचं. मग धारेवर कानशीचा एक हात मारून बघायचा. कानस सहज खात सुटली तर पोलाद मऊ, धार चार दिवसांत जाईल. कानस नुसतीच घसरायला लागली तर फार कडक, गाठीवर पडली की तुकडा उडेल. थोडी धरली, थोडी सुटली, की ती घ्यावी.

मी मात्र गेलो घिसाड्याकडं. हंगामाच्या तोंडावर नीरा-बारामती रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली त्यांचं बिऱ्हाड पडतं. कोयत्यांना मागणी असते म्हणून येतात. जमिनीत खोचलेली ऐरण, शेजारी खड्ड्यातली भट्टी. चामड्याचा भाता जाऊन आता हातानं फिरवायचा पंखा आलाय, तो एक पोरगी फिरवत होती, दुसऱ्या हातात तिच्या बिस्किटाचा पुडा. बाप्या सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि घण त्याच्या बायकोच्या हातात. घिसाड्यांत घण बाई मारते. नवरा छोट्या हातोडीनं जिथं टिचकी देतो तिथं तिचा घण पडतो. तोंडानं एक शब्द नाही. हातोडी आडवी ठेवली की घण थांबला. असं एकमेकांशी न बोलता चाललेलं इतकं नीटनेटकं काम मी फार कमी घरांत पाहिलंय.

कुऱ्हाड म्हटल्यावर त्यानं लोखंडाची एक पट्टी घेतली, तापवून लाल केली आणि गजाभोवती वाकवून दुमडली. गजाच्या जागी नेढं झालं. दुमडलेल्या दोन पदरांच्या मधे, तोंडाशी, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा बोटभर तुकडा सरकवला. अंगाला साधं लोखंड आणि धारेला पोलाद, हा त्यातला हिशेब. सगळंच पोलाद असतं तर घावाच्या धक्क्यानं तडकतं, सगळंच लोखंड असतं तर धार टिकत नाही. मग भट्टीत पांढरं होईपर्यंत तापवून घणाखाली ते एकजीव केलं. ठिणग्या पार रस्त्यापर्यंत.

पुढचं काम मात्र त्यानं सावकाश केलं. तयार पात्याची फक्त धार पाण्यात बुडवली, चर्रर्र झालं, लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर एकदा घासली आणि ते पातं डोळ्यांसमोर धरून बसला. मी विचारलं, काय बघताय? "रंग." खरोखर, मागच्या गरम अंगातून उष्णता धारेकडं सरकायला लागली तसा चकचकीत पोलादावर रंग चढायला लागला. आधी फिकट गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळट. जांभळा धारेपर्यंत पोचला तसं त्यानं अख्खं पातं पाण्यात टाकलं. गव्हाळावर थांबला असता तर धार ठिसूळ राहिली असती, निळ्यावर गेला असता तर मऊ. त्या रंगाला पुस्तकात अंश सेल्सिअसचे आकडे आहेत, पावणेतीनशेच्या आसपासचे. त्याच्याकडं चिंचेची सावली होती. उन्हात रंग कळत नाही, म्हणून भट्टी झाडाखाली.

वजन किलोच्या थोडं आत, पाठ जाड. तंबूच्या खुंट्या ठोकायला तुंबा कामाला येईल, हेही मी मनात धरलं होतं. किंमत विचारली तर बाई म्हणाली, "चारशे."

"थोडं कमी करा की ताई."

"करते की दादा. घण तुमी मारा."

मी चारशे दिले.

जाताना विचारलं, ह्यावर तुमची काही खूण, नाव वगैरे ठोकत नाही का? भाच्याच्या तक्त्यातली ती स्वीडनची आद्याक्षरं डोक्यात होती. तिला प्रश्नच कळला नाही. "नाव कशाला? तोंड गेलं तर हितंच आणा. फुडल्या साली बी ह्याच झाडाखाली हाय आमी. शेवटून देऊ." वॉरंटीच्या रकान्यात काय भरायचं ते मी रात्री भाच्याला फोनवर सांगितलं, त्यानं ते भरलंसुद्धा. सबंध तक्त्यात पत्ता म्हणून झाड दिलेली ती एकच ओळ असेल.

पातं पिशवीत घालून गावातून येताना आमच्या पोलीस ठाण्यावरून यावं लागतं, आणि मनात काही नसताना चाल जरा संशयास्पद होतेच. वास्तविक 1959 च्या शस्त्र कायद्यानं निव्वळ घरगुती आणि शेतीच्या कामाच्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. पण हे कलम पिशवीवर लिहिलेलं नसतं.

एवढं झालं तरी हातात आलं होतं ते नुसतं पातं. कुऱ्हाडीचं अर्धं काम भट्टीत होतं आणि अर्धं झाडावर. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गावात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी सापडल्या, सोबत एक बांगडी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या गावावरूनच एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे नाव पडलं, आणि 1950-51 मध्ये सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं. पाती अजून आहेत. दांडे कुठले राहायला? ते आपल्या हवेत केव्हाच मातीला मिळाले. दांड्यासकट कुऱ्हाड पाहायची तर आल्प्स पर्वतात जावं लागतं. 1991 साली तिथं बर्फात एका माणसाचा देह सापडला, पाच हजार वर्षांहून जुना. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, यू नावाच्या झाडाचा दोन फुटी दांडा शाबूत आणि पातं कातड्याच्या वादीनं गच्च बांधलेलं. तोही बिचारा उघड्यावरच मुक्कामाला होता.

दांड्याबद्दल तात्या फार कडक आहेत. बाजारातला तयार दांडा त्यांना चालत नाही, कारण तो करवतीनं पाडलेल्या फळीचा असतो आणि रेषा मधेच तुटलेली असते. टोकाकडून पाहिलं तर लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेनं धावल्या पाहिजेत, आडव्या असतील तर तो दांडा मोडणार आणि पातं उडून कुणाच्या तरी अंगणात जाणार. फांदी बाभळीची, मनगटाएवढी, सरळ, बिनगाठीची. तशी फांदी शोधायला मी आणि तात्या बांधाबांधानं हिंडलो. सरळ बाभूळ ही सरळ माणसाइतकी दुर्मीळ असते, असं तात्या दर दहा पावलांना म्हणत होते. अखेर त्यांच्याच बांधावर मिळाली. तोडायला कुऱ्हाड लागली, ती अर्थात शेजाऱ्याची, आणि बोथट.

मला वाटलं, आता सुताराकडं नेली की झालं. तात्यांनी फांदी विहिरीत सोडली.

ओल्या बाभळीला भुंगा लागतो. पाण्यात राहिली की तिच्यातला रस निघून जातो, मग भुंग्याला तिच्यात चव राहत नाही. पाण्यातून काढल्यावर उन्हात ठेवायची नाही, चिरते. सावलीत, माळ्यावर, आडवी. ती पुरती वाळली की सुतार वाकसानं तासणार, नेढ्याच्या मापानं टोक काढणार, काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत करणार, वर जवसाच्या तेलाचा हात. पाचर ठोकायची तीही वाळक्या लाकडाची. घाई केली तर? तात्यांनी सांगितलं, की ओला दांडा आज घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात आकसून ढिला होतो. मग लोक कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, पातं बसतं, दोन दिवसांनी वाळलं की पुन्हा डुगडुगतं. असली कुऱ्हाड पोराच्या हातात देतो का कुणी?

मधल्या काळात भाचा पवनेला एकदा जाऊन आला. तंबूवाल्यानं लाकूड फोडूनच ठेवलं होतं, वर रॉकेलचा बोळाही दिला. कुऱ्हाडीवाचून काही अडलं का, असं मी मुद्दाम विचारलं. "अडलं नाही, पण मजा नाही आली," म्हणाला. ते मला पटलं.

आता दर सोमवारी त्याचा निरोप येतो. घरपोच वस्तू मागवायची सवय, त्यामुळं माल कुठवर आला हे त्याला कळायला लागतं. परवा विचारलंन, "मामा, ऑर्डरचं स्टेटस काय?" मी माळ्यावर चढून फांदीचा फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, "विहिरीतून निघाली. माळ्यावर पोचली. वाळतेय."

त्यानं लगेच विचारलं, "डिलिव्हरी कधीची धरू?"

तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, दिवाळीला ये. आन् येताना ती वखारीतली बंबफोड आणू नकोस, हितं फोडायला लाकूड हाय."